वाक्य अर्धवट सोडून उठा
लिहायला बसलं की पहिली वीस मिनिटं कोऱ्या पानाकडे बघण्यात जातात ना? मग आज उठताना शेवटचं वाक्य पुरं करू नका. ‘आजीने डबा उघडला आणि’, एवढ्यावरच पेन खाली ठेवा. उद्या हात आपोआप पुढे सरकेल.

वेळ तुमची तुम्ही ठरवा. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला बसत, घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहीत. मला मात्र रात्री भांडी आवरल्यावरचा पाऊण तासच मानवतो.

काहीच सुचत नसेल तर एसटी स्टँडवर जाऊन बसा. कानावर पडलेलं एखादं वाक्य तिकिटाच्या पाठीवर लगेच, जसंच्या तसं उतरवा. घरी पोचेपर्यंत त्यातला ठसका उडून जातो.