ओपन सोर्स फुकट म्हणून घेताय? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी आमच्या सर्व्हिसला एक विचित्र दुखणं जडलं होतं. दिवसभर सगळं सुरळीत असायचं आणि लोड वाढला की रिक्वेस्ट अडकायला लागायच्या. सर्व्हर रीस्टार्ट केला की पुन्हा ठणठणीत. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, हे चार दिवस आम्ही आमच्याच कोडमध्ये शोधत होतो. पाचव्या दिवशी थ्रेड डंप (चालू असलेलं प्रत्येक काम कुठे थांबलंय याची नोंद) काढला, तर सगळे थ्रेड एकाच जागी थांबलेले दिसले. प्रत्येक जण डेटाबेसच्या कनेक्शन पूलकडे, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याकडे, कनेक्शन मागत होता.

पूलची लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला, आपण वापरतो तो तयार कोड) ओपन सोर्स होती, म्हणजे तिचा मूळ कोड कुणालाही वाचता आणि बदलता येत होता. सोर्स उघडला आणि तासाभरात चोर सापडला. कनेक्शन जिवंत आहे का हे तपासताना टाइमआउट झाला, तर एरर फेकली जायची, पण ते कनेक्शन मोजणीतून वजा करायचं राहून जायचं. पूलच्या हिशेबात ते अजूनही कुणीतरी वापरत असायचं. असे वीस टाइमआउट झाले की वीस कनेक्शनचा पूल संपला. तीन ओळींचा बदल केला, एक टेस्ट लिहिली आणि त्याच रात्री प्रॉडक्शनवर टाकला.

त्याच सुमारास, रिपोर्ट बनवणारं एक विकतचं कंपोनंट मोठ्या फाइलवर मान टाकत होतं. तिथे आमच्या हातात फक्त एक एरर नंबर होता. टिकीट टाकलं, नमुना फाइल पाठवली, लॉग पाठवले, मग तेच लॉग पुन्हा पाठवले. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की पुढच्या मोठ्या आवृत्तीत बघू. तोवर आम्ही रिपोर्ट तुकड्यातुकड्यांत बनवून जोडत बसलो.

मी ओपन सोर्स का निवडतो, ते या दोन प्रसंगांत आलं. अडलं तर आत जाऊन बघता येतं, दुरुस्त करता येतं, कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. ही मागणी जुनीच आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेत एका प्रिंटरचा कागद वारंवार अडकायचा. अडकला की वापरणाऱ्यांना कळावं अशी सोय तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची होती, पण सोर्स कोड मिळाला नाही. १९८३ साली त्यांनी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, त्यामागे असे अनुभव होते.

तरीही ओपन सोर्स घेऊन हात पोळलेले प्रोग्रामर मला सारखे भेटतात. खोदून विचारलं की बहुतेक वेळा खाली दिलेल्यांपैकी एखादी चूक निघते.

चूक पहिली: पैसे वाचतील म्हणून निवडणं

लायसन्सचे पैसे वाचतात, हे खरं आहे. पण सॉफ्टवेअरचा खर्च विकत घेण्यापाशी संपत नाही. अपडेट करणं, सुरक्षेचे पॅच लावणं, रात्री दोनला बंद पडलं तर उठणं, नव्या माणसाला शिकवणं, हे सगळं ओपन सोर्समध्ये तुमच्याकडे येतं. ज्या टीमने निवडताना ‘फुकट’ एवढंच पाहिलेलं असतं, ती यासाठी वेळही राखून ठेवत नाही. मग वर्षभर कुणी आवृत्ती बदलत नाही, आणि एक दिवस एकदम पाच आवृत्त्यांची उडी मारावी लागते.

आपली टीम यात सापडली आहे का, हे ओळखणं सोपं आहे. ‘या लायब्ररीचं बघतं कोण?’ असा प्रश्न मीटिंगमध्ये विचारा. कुणाचंच नाव आलं नाही, तर गडबड आहे. प्रत्येक महत्त्वाच्या लायब्ररीला टीममधला एक माणूस नेमा. त्याने तिच्या नव्या आवृत्त्यांच्या नोंदी वाचायच्या आणि निदान एकदा तिचा सोर्स उघडून बिल्ड करून बघायचा. आत जाता येणं हाच मुख्य फायदा असेल, तर दार उघडतंय का हे संकटाच्या आधी तपासून ठेवायला हवं. आमच्या त्या पूलच्या वेळी पहिला अर्धा दिवस सोर्सवरून बिल्ड जमवण्यात गेला होता.

चूक दुसरी: लायसन्स न वाचणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती वर्षानुवर्षं दिसत नाही.

सुरुवात अगदी साध्या गैरसमजापासून होते. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कोड उघडा दिसतोय म्हणजे तो वापरायला मोकळा आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. रिपॉझिटरीत लायसन्सची फाइलच नसेल, तर सगळे हक्क लेखकाकडे राहतात. वाचता येतो म्हणून तो आपल्या प्रॉडक्टमध्ये घालता येत नाही. अशा वेळी लेखकाला नम्रपणे विचारावं की लायसन्स जोडाल का. बहुतेकदा ते राहूनच गेलेलं असतं.

लायसन्स असलं तरी प्रत्येकाची अट वेगळी. एमआयटी, बीएसडी, अपाचे ही मोकळी लायसन्सं. मूळ कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवला की जवळपास काम भागतं. अपाचेत पेटंटबद्दलची परवानगीही लिहिलेली असते, म्हणून मोठ्या कंपन्यांना ते सोयीचं वाटतं. जीपीएलची अट वेगळी आहे: तो कोड मिसळून बनवलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत, तर त्याचा सोर्सही त्याच अटींवर द्यावा लागतो. स्वतःच्या कार्यालयात वापरलंत आणि बाहेर कुणाला दिलं नाहीत, तर ही अट लागू होत नाही. वेब सर्व्हिस चालवणारे या पळवाटेवर निर्धास्त राहतात आणि इथेच फसतात, कारण ती बुजवण्यासाठीच एजीपीएल हे जीपीएलचं कडक भावंड आहे. त्यात बदल केलेला प्रोग्राम नेटवर्कवरून लोक वापरत असतील, तर त्यांनाही सोर्स मिळवण्याची सोय द्यावी लागते.

समजा, बंद प्रॉडक्टमध्ये जीपीएलची लायब्ररी सापडलीच. गुपचूप काढून टाकून विषय संपवू नका. आधी तीन गोष्टी पक्क्या करा: ती कोणत्या आवृत्तीपासून आहे, ते प्रॉडक्ट बाहेर कुणाला दिलं गेलंय का, आणि ती तुमच्या कोडला जोडलेली आहे की वेगळा प्रोग्राम म्हणून चालते. मग मार्ग उरतात ते असे: दुसरी लायब्ररी बसवणं, लेखकाकडून वेगळं व्यावसायिक लायसन्स घेणं किंवा सोर्स खुला करणं. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत सुधारायला वाव ठेवलेला आहे. पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केलीत, तर हक्क परत मिळतात. प्रकरण मोठं असेल तर वकिलाला विचारा, त्यात कमीपणा नाही.

आणखी एक सापळा गेल्या काही वर्षांत पुढे आलाय. काही प्रॉडक्टचा सोर्स दिसतो, पण तो काय कामासाठी वापरायचा यावर बंधनं असतात. याला ओपन सोर्स म्हणत नाहीत. शिवाय आज मोकळं असलेलं लायसन्स उद्या बदलू शकतं. इलॅस्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरने २०२१ मध्ये अपाचे सोडलं, सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्मने २०२३ मध्ये आणि मेमरीत डेटा ठेवणाऱ्या रेडिसने २०२४ मध्ये आपली मोकळी लायसन्सं बदलली. प्रत्येक वेळी लोकांनी शेवटच्या मोकळ्या आवृत्तीवरून नवा फोर्क (स्वतंत्रपणे पुढे नेलेली प्रत) काढला: ओपनसर्च, ओपनटोफू, व्हॅल्की. इलॅस्टिकसर्च आणि रेडिस पुढे एजीपीएलचा पर्याय देऊन ओपन सोर्सकडे परतलेही, पण मधल्या काळात हजारो टीमना कुठे जायचं हे ठरवावं लागलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर घाबरून रातोरात काही बदलू नका. आधीच मिळालेल्या आवृत्तीचं लायसन्स नव्या घोषणेमुळे जात नाही. ती आवृत्ती लॉक करा, नव्या अटी शांतपणे वाचा, त्या तुम्हाला लागू होतात का ते बघा. फोर्क कोण चालवतंय हेही तपासा. मात्र जुन्या आवृत्तीवर फार काळ बसून राहू नका, तिला सुरक्षेचे पॅच किती दिवस मिळतील याचा भरवसा नसतो.

निवडतानाच एक गोष्ट बघून ठेवता येते, आणि ती फारच कमी लोक बघतात: कोडचा कॉपीराइट कुणाकडे आहे? योगदान देणाऱ्या प्रत्येकाकडून एखादी कंपनी करारावर सही घेऊन लायसन्स बदलण्याचा हक्क स्वतःकडे ठेवत असेल, तर ती एका निर्णयात तसं करू शकते. लिनक्स कर्नलमध्ये हजारो लोकांचा कॉपीराइट विखुरलेला आहे. त्या सगळ्यांची संमती मिळवणं जवळपास अशक्य, म्हणून तिथे ही भीती नाही.

चूक तिसरी: ‘इतके लोक बघतायत, बग असेल कसा?’

सोर्स उघडा असणं आणि तो कुणीतरी वाचलेला असणं यांत खूप अंतर आहे. ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीतला हार्टब्लीड नावाचा बग मार्च २०१२ मध्ये आलेल्या आवृत्तीत होता आणि जगाला कळला एप्रिल २०१४ मध्ये. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, एवढी एक तपासणी राहून गेली होती. त्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा कुणालाही मागता यायचा, आणि कितीही वेळा. इंटरनेटचा मोठा भाग ज्या लायब्ररीवर उभा होता, ती तेव्हा मोजकी माणसं तुटपुंज्या पैशांत सांभाळत होती.

मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइल आकसून लहान करणाऱ्या टूलचं प्रकरण तर अंगावर काटा आणणारं आहे. दोनेक वर्षं इमानाने काम करून विश्वास मिळवलेल्या एका मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवलं. ते पकडलं पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी. एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या प्रोग्रामने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्यांना खटकलं होतं. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते तळापर्यंत पोचले. मला यात दोन्ही बाजू दिसतात. उघड्या सोर्समुळे हल्ला थांबला नाही, पण कुणाचीही परवानगी न घेता एका माणसाला तो शोधता आला.

आपल्या हातात काय आहे? आपण काय काय वापरतो याची यादी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड उघड झालं, तेव्हा पॅच लावण्यापेक्षा ही लायब्ररी आपल्याकडे आहे तरी कुठे, हे शोधण्यात टीमचे दिवस गेले. कारण ती थेट घेतलेली नव्हती, दुसऱ्या लायब्ररीच्या पोटात आलेली होती. लॉक फाइल (कशाची कोणती आवृत्ती घेतली याची नोंद) रिपॉझिटरीत ठेवा, डिपेंडन्सीचा, म्हणजे कोण कशावर अवलंबून आहे याचा, पूर्ण वृक्ष दर बिल्डला काढून जपून ठेवा, आणि ज्ञात भगदाडं शोधणारं टूल बिल्डमध्येच जोडा. पाच ओळींच्या कामासाठी नवी लायब्ररी घेण्याआधी थांबा. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यावरून काढलं आणि जगभरचे बिल्ड पडले.

चूक चौथी: तारे मोजून निवड करणं

गिटहबवरचे तारे म्हणजे कधीकाळी कुणाला तरी ते आवडलं, एवढंच. त्याऐवजी अर्धा तास हे बघा: गेल्या वर्षभरात किती वेगवेगळ्या माणसांनी कोडमध्ये भर घातलीय, बगच्या तक्रारींना उत्तर मिळतं का, आणि सुरक्षेची तक्रार खाजगीत कळवण्याचा पत्ता दिलाय का. एकच माणूस सगळं ओढत असेल तर लायब्ररी वाईट ठरत नाही, पण तो थकला तर काय, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. त्याला आर्थिक मदत करणं हेही एक उत्तर आहे. ज्याच्या कोडवर आपला पगार निघतो, त्याच्यासाठी कंपनीकडे पैसे मागायला लाजू नये.

चूक पाचवी: विकतचं ते सगळं टाकाऊ मानणं

काही क्षेत्रांत बंद सॉफ्टवेअरच सरस असतं, तिथे ते घ्यावं. फक्त डेटा पूर्णपणे आणि उघड्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढता येतो का, हे करार करण्याआधी स्वतः काढून बघा.

चूक सहावी: दुरुस्ती स्वतःच्याच प्रतीत दडवून ठेवणं

कोड बदलता येतो, म्हणून आपण बदलतो आणि पुढे जातो. मूळ प्रकल्पाला कळवायला वेळ कुठे आहे? मीही हे केलंय. एका मेसेजिंग लायब्ररीवर आम्ही दोन वर्षांत चाळीसेक बदल चढवले. मग तिच्यात सुरक्षेचा पॅच आला आणि तो आमच्या प्रतीवर बसेचना. नऊ ठिकाणी कॉन्फ्लिक्ट निघाले, आणि त्यातले अर्धे बदल कशासाठी केले होते हे आठवणारं कुणी टीममध्ये उरलं नव्हतं.

यातून बाहेर पडायचा मार्ग कंटाळवाणा असला तरी सरळ आहे. आपण मुळात कोणत्या टॅगवरून (खूण केलेल्या आवृत्तीवरून) सुरुवात केली ते शोधा आणि तिथपासूनचा सगळा डिफ, म्हणजे फरक, काढा. मग बदलांचे तीन ढीग करा: मूळ प्रकल्पात आता दुरुस्त झालेले, सगळ्यांच्या उपयोगाचे, आणि फक्त आपल्यापुरते. पहिला ढीग फेकून द्या, आमच्याकडे निम्म्याहून जास्त बदल त्यातच गेले. दुसऱ्यातला एकेक बदल वेगळा करून, टेस्टसकट मूळ प्रकल्पाला पाठवा. तिसरा शक्य तिथे लायब्ररीच्या बाहेर, आपल्या कोडमध्ये हलवा. पाठवताना तुमची आवृत्ती, चूक पुन्हा घडवणारा छोटासा कोड, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहिलं तरी मेंटेनरचा अर्धा दिवस वाचतो.

त्या कनेक्शन पूलचा तीन ओळींचा बदल मात्र आम्ही दुसऱ्याच दिवशी पाठवला होता. मेंटेनरने उलट विचारलं, ‘त्याच क्षणी पूल बंद होत असेल तर?’ ती शक्यता आम्ही धरलीच नव्हती. तसं झालं असतं तर तेच कनेक्शन दोनदा वजा झालं असतं आणि मोजणी उलट्या बाजूने चुकली असती. आणखी दोन ओळी आणि एक टेस्ट जोडून पुन्हा पाठवलं. पुढच्या आवृत्तीत ते आलं आणि त्याच आठवड्यात आम्ही आमची वेगळी प्रत सर्व्हरवरून काढून टाकली.