मक्याची टॉर्टिया घडी घालताच मोडते? या चुका टाळा

टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोतली पातळ, मऊ भाकरी, मऊ होत नाही अशी तक्रार कोणी केली की मी आधी पिठाची चौकशी करते, आणि बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते: "मक्याचेच पीठ घेतले होते." बिघाड नेमका तिथेच झालेला असतो. पुढे पाणी कमीजास्त करून, तेल घालून किंवा तव्याला दोष देऊन तो दुरुस्त होत नाही.

आपल्या बाजारात मक्याच्या नावाने तीन निराळ्या वस्तू मिळतात. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे निव्वळ स्टार्च, जे सूप दाट करण्यासाठी वापरतात. मक्याचे पीठ म्हणजे कोरडा मका गिरणीत दळून आणलेले पीठ, ज्याच्या भाकरी होतात. मासा आरिना मात्र मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, दळून आणि पुन्हा वाळवून केलेले पीठ असते. टॉर्टिया यापैकी फक्त तिसऱ्या पिठाची होते. चुन्यामुळे दाण्याचे टरफल सुटते, पेशींच्या भिंती विरघळू लागतात, स्टार्च थोडेसे फुलते आणि ग्लुटेन (गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन) नसलेले हे पीठ आपोआप चिकट होऊन एकत्र धरते. अशी प्रक्रिया केलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात. हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआतल भाषेतला असून त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ राख असा आहे, कारण चुन्याऐवजी लाकडाची राख वापरण्याचीही पद्धत होती. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते तेही या प्रक्रियेमुळेच. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि मक्यावरच गुजराण करणाऱ्या तिथल्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाने होणारा रोग पसरला. तेव्हा ही पायरी गाळून पाहणारे आपण काही पहिले नाही.

मी स्वतःही ती गाळलेली आहे. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे काही वर्षे राहिल्यावर आम्ही पुण्यात परतलो, आणि नणंदेच्या घरी पंधरा माणसांसाठी टाको, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या टॉर्टिया, करण्याचे मी मोठ्या तोऱ्यात कबूल केले. मासा आरिना जवळपास कुठे मिळाले नाही. जन्मभर भाकरी थापणाऱ्या बाईला मक्याचे पीठ काय जड, असे म्हणून मी गिरणीतून ताजे पीठ आणले, आधण ठेवून उकड काढली आणि चांगली मळून घेतली. तव्यावर सगळ्या टॉर्टिया सुरेख दिसत होत्या, काही तर फुगल्यासुद्धा. पण त्यात राजमा भरून दुमडल्या त्या क्षणी बरोबर मधोमध तुटल्या. कोणाच्या मांडीवर राजमा, कोणाच्या बाहीवर टोमॅटोची चटणी, आणि माझे सासरे शांतपणे चमचा मागवून म्हणाले, "मक्याची भाकरी मात्र छान झाली आहे हो." त्यांचे निदान अचूक होते. उकडीमुळे स्टार्च फुलते, म्हणून भाकरी थापता येते. पण दाण्याची टरफले आणि पेशींच्या भिंती जशाच्या तशा राहतात, त्यामुळे ती वाकत नाही. भाकरी आपण मोडून खातो, म्हणून तिचे हे उणे कधी कळत नाही.

मासा आरिना मिळत नसेल तर मका घरी शिजवावा, ते वाटते तितके अवघड नाही. अर्धा किलो कोरडा मका, दीड लिटर पाणी आणि पानाला लावतात तो ओला चुना दोन लहान चमचे, असे माझे प्रमाण आहे. चुना खाण्याचाच हवा, भिंतीला देण्याचा नव्हे. आणि पातेले स्टीलचे हवे, कारण ॲल्युमिनियमला चुना खातो. मधुर मका किंवा लाह्यांचा मका चालत नाही. बोटांनी चोळल्यावर टरफल सुटेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा-पाऊण तास मका मंद उकळावा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवावा आणि सकाळी तीन पाण्यांनी धुऊन, टरफले चोळून काढून वाटावा. मिक्सरमध्ये वाटताना इतके पाणी घालावे लागते की पिठाचे घावनच घालावेत. मी इडलीच्या ग्राइंडरमध्ये थोडा थोडा मका वाटते आणि वेळ लागतो म्हणून कुरकुर करत नाही. "प्रेशर कुकरमध्ये चार शिट्ट्या केल्या तर?" असे विचारणाऱ्यांनी खुशाल कराव्यात, दाणा आतून पिठूळ होऊन फुटतो, आणि मग त्याचा गोळा तव्याला धरून बसतो.

दुसरी सर्रास दिसणारी चूक पाण्याची. पीठ हाताला चिकटेल या धास्तीने लोक ते घट्ट भिजवतात. मासा आरिनाला त्याच्या वजनाइतके कोमट पाणी तर लागतेच, बऱ्याचदा त्याहून थोडे जास्त लागते. पीठ भिजवून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे, कारण कोरडे कण पाणी सावकाश पितात आणि पाच मिनिटांनी मऊ वाटणारे पीठ वीस मिनिटांनी कोरडे पडलेले असते. मग लहानशी गोळी तळहातावर दाबून पाहावी. कडांना भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे. तळहाताला चिकटली तर चिमूटभर पीठ घालावे. ही परीक्षा मी प्रत्येक वेळी करते, कारण एकाच पाकिटातले पीठ पावसाळ्यात आणि मे महिन्यात सारखे पाणी घेत नाही.

दाबण्यासाठी यंत्र असलेच पाहिजे असे नाही. थालीपिठासाठी जपून ठेवलेली दुधाची पिशवी कापून तिच्या दोन तुकड्यांमध्ये तीस ग्रॅमची गोळी ठेवावी आणि सपाट बुडाच्या जड पातेल्याने दाबावी. लाटण्याने लाटू नये, कडा फाटतात.

आता आच. मंद आचेवर भाजलेली टॉर्टिया म्हणजे वाळवलेली टॉर्टिया. सॅन अँटोनिओच्या आमच्या शेजारी मेक्सिकोतून आलेल्या एक आजी राहत. त्यांचा कोमाल, म्हणजे त्यांचा तवा, इतका तापलेला असे की पाण्याचा थेंब त्यावर टिकत नसे. पहिली बाजू वीस सेकंदांत सुटली की उलटायची, दुसरी पाऊण मिनिट भाजायची, पुन्हा उलटून बोटांनी हलकेच दाबायची, की ती फुगते. सगळा खेळ दोन मिनिटांच्या आतला. करपेल म्हणून गॅस बारीक करणारे लोक तीच टॉर्टिया पाच मिनिटे तव्यावर ठेवतात, तिच्यातले पाणी उडवून टाकतात आणि नंतर पिठात दही घातले असते तर बरे झाले असते का, असे विचारतात. दही, खाण्याचा सोडा, तेल यांतले काहीही मक्याच्या टॉर्टियात घालायचे नसते. मऊपणा तिच्यात कोंडलेल्या पाण्याचा असतो.

आणि तव्यावरून उतरली म्हणजे ती झाली असे नाही, हे नवशिक्यांना पटवताना माझी जीभ झिजली आहे. आजी प्रत्येक टॉर्टिया जाड कापडाने अस्तर लावलेल्या टोपलीत ठेवत आणि कापड लगेच मिटत. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा वरची गरम टॉर्टिया हक्काने उचलली; त्यांनी माझ्या हातावर चापट मारून ती परत ठेवली. पंधरा मिनिटांनी त्याच टोपलीच्या तळाची टॉर्टिया दिली, ती हातरुमालासारखी दुमडत होती. एकावर एक रचलेल्या टॉर्टियांची वाफ एकमेकींत मुरते, भाजताना कडक झालेला पृष्ठभाग ती वाफ पिऊन लवचिक होतो. आपला पोळ्यांचा डबा चालतो, पण त्यात खाली आणि वर फडके हवेच, नाहीतर झाकणाचे पाणी ठिबकून वरच्या दोन टॉर्टियांचा लगदा होतो.

गव्हाच्या टॉर्टिया उत्तर मेक्सिकोतल्या, विशेषतः सोनोरा प्रांतातल्या, आणि त्यांच्या चुका वेगळ्या. चपातीच्या कणकेची केली तर ती चपातीच होते. पाव किलो मैद्याला पन्नास ग्रॅम तूप किंवा लोणी चोळून, गरम पाण्याने मळून, अर्धा तास झाकून ठेवावे. लाटताना आक्रसत असेल तर पीठ अजून मुरलेले नाही. जोर लावून लाटू नये, दहा मिनिटे थांबावे. आणि पिठी भुरभुरावी ती नावापुरती, कारण तव्यावर तीच जळते आणि टॉर्टिया कोरडी करते.

उरलेल्या टॉर्टिया फ्रिजमध्ये भराभर ताठतात, कारण गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट होते आणि फ्रिजच्या थंडीत ते अधिक वेगाने घडते. फ्रीझरमध्ये त्या चांगल्या राहतात. खाताना ओल्या हाताने पुसून तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकाव्यात. तरीही ताठ राहिल्याच तर तुकडे करून तळावेत आणि चटणीच्या रश्श्यात घोळवून चिलाकीलेस करावेत. ताज्या मऊ टॉर्टियांचे ते करायला जाऊ नये, त्या रश्श्यात विरघळतात.