जेम५मध्ये मेमरीचे तीन मोड कसे हाताळावेत

जेम५ या (कॉम्प्युटरचं हार्डवेअर सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघणाऱ्या) सिम्युलेटरसाठी स्वतःची कॅश किंवा मेमरी कंट्रोलर लिहायला घेतला, की लक्षात येतं: त्याच्या पोर्टवर, म्हणजे इतर भागांशी जोडणीच्या टोकावर, रिक्वेस्ट तीन वाटांनी येते. फंक्शनल, अटॉमिक आणि टायमिंग. तिघांची फंक्शन्स वेगळी लिहावी लागतात. बरेचजण थेट टायमिंगला हात घालतात. मी खालचा क्रम सुचवेन.

१. आधी फंक्शनल. प्रोग्राम मेमरीत चढवताना किंवा डीबगर एखादा पत्ता वाचतो तेव्हा हीच वाट वापरली जाते. सिम्युलेशनचा वेळ इथे सरकत नाही. डेटा तिथल्या तिथे द्यायचा. गोम एवढीच, की सिम्युलेशन टायमिंग मोडमध्ये चालू असताना ताजा डेटा तुमच्या रांगेत थांबलेल्या पॅकेटमध्येही (पॅकेट म्हणजे एक रिक्वेस्ट किंवा तिचं उत्तर) असू शकतो. म्हणून आधी रांग तपासा, मग साठा. लिहिताना तर प्रत्येक प्रत बदलायला हवी.

२. अटॉमिक लिहायला सोपा. डेटा द्या आणि किती टिक लागले तेवढं परत करा. टिक हे सिम्युलेशनच्या वेळेचं एकक; एक टिक म्हणजे मूळ सेटिंगनुसार १ पिकोसेकंद. रांगा नाहीत, गर्दीचा हिशेब नाही, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बूट करायला उत्तम. कामगिरीचे आकडे मात्र यातून काढू नका.

३. आता टायमिंग. रिक्वेस्ट आत्ता येते, उत्तर पुढच्या एखाद्या टिकला जातं, त्यासाठी इव्हेंट, म्हणजे ठरल्या टिकला करायचं काम, शेड्यूल करायचा. जागा नसेल तर फॉल्स परत करा, पण कोणाला परत पाठवलं ते नोंदवून ठेवा आणि जागा झाली की त्याला रिट्रायचा निरोप द्या. हा निरोप राहिला, तर पाठवणारा वाटच बघत बसतो. एरर येत नाही. सगळेच असे अडकले की इव्हेंटची रांग रिकामी होते आणि सिम्युलेशन १८४४६७४४०७३७०९५५१६१५ या टिकला ‘लिमिट रीच्ड’ म्हणून थांबतं. हा आकडा दिसला की पहिला संशय रिट्रायवर घ्या. उलट दिशेनेही तेच: समोरच्याने उत्तर नाकारलं तर ते पॅकेट टाकून न देता जपून ठेवा.

४. कॉन्फिगरेशनमध्ये सिस्टिमचा मेमरी मोड सीपीयूशी जुळवा. जेम५च्या सीपीयू मॉडेलांपैकी टायमिंगसिंपल, मायनर आणि ओथ्री यांना टायमिंग लागतो, अटॉमिकसिंपलला अटॉमिक. टायमिंग आणि अटॉमिक दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत; फंक्शनल मात्र कुठल्याही मोडसोबत चालतो. मध्येच मोड बदलायचा तर आधी ड्रेन करून वाटेतली सगळी पॅकेट संपवा.

चाचणीला रांगेची लांबी मुद्दाम १ ठेवा. मोठ्या रांगेत नकार द्यायची वेळच क्वचित येते, आणि रिट्रायचा कोड न चालताच पास होऊन जातो.