दुबईला लहान मुलांना घेऊन येताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी मेच्या शेवटी वहिनी दीड वर्षाच्या चिकूला घेऊन आमच्याकडे दुबईतल्या करामा भागात राहायला आली. दुपारी तीनच्या सुमारास पोरगं घामाने चिकट झालं, म्हणून तिने अंघोळीसाठी गार पाण्याचा नळ सोडला. बादलीत हात घातला आणि 'अगं आई गं' म्हणत झटकन मागे घेतला. गीझर तर सकाळपासून बंद होता.

इथे पाण्याच्या टाक्या गच्चीवर, उन्हात. त्यामुळे उन्हाळ्यात गार नळाला कढत पाणी येतं. गीझर मात्र घरात, एसीच्या गारव्यात असतो. तो सकाळी बंद करून ठेवला की आतलं पाणी संध्याकाळपर्यंत निवतं. म्हणजे उन्हाळ्याचे चार महिने आमच्याकडे गरम नळ गार आणि गार नळ गरम! पाहुण्यांना हे सांगायचं आम्ही हमखास विसरतो. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर बादली दोन तास आधी भरून ठेवा, आणि बाळाला पाण्यात बसवण्याआधी स्वतःचं कोपर बुडवून बघा.

'आम्हाला उन्हाची सवय आहे'

हे वाक्य मी दर वर्षी ऐकते, विशेषतः विदर्भातल्या पाहुण्यांकडून. नागपूरचा ४५ अंशांचा उन्हाळा भाजून काढतो, पण कोरडा असतो. घाम वाळतो आणि अंग निवतं. दुबई समुद्राला लागून आहे. हवेत इतका दमटपणा की एसीतून बाहेर आलं की चष्म्यावर वाफ धरते. घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, आणि त्यांना सांगता येत नाही. रात्री तरी गार होईल म्हणाल, तर जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीही पारा तिशीच्या खाली क्वचितच उतरतो.

१५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात मजुरांकडून काम करून घ्यायला इथल्या सरकारची बंदी आहे. धट्ट्याकट्ट्या मजुरांनाही ज्या वेळी सावलीत बसवतात, त्या वेळी काहीजण तान्ह्या बाळाला बीचवर फोटोला घेऊन जातात. काय बोलणार!

जमलं तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये या. उन्हाळ्याचं पॅकेज स्वस्त दिसतं, पण मुलांना ज्यासाठी आणायचं ते ग्लोबल व्हिलेज (देशोदेशींची जत्रा) आणि मिरॅकल गार्डन (फुलांची बाग) भर उन्हाळ्यात बंद असतात, ऑक्टोबरच्या सुमारास उघडतात.

नकाशावरचे ४०० मीटर

दुबईत मूल आजारी पडतं ते मधल्या तुकड्यांत. मॉल गार, मेट्रो गार, टॅक्सी गार. त्रास होतो तो टॅक्सीची वाट बघताना, पार्किंगमध्ये, आणि 'समोरच तर आहे' म्हणून चालत निघाल्यावर. शेख झायेद रोड या रुंद महामार्गाच्या पलीकडची इमारत हाकेच्या अंतरावर दिसते, पण रस्ता असा मधूनच ओलांडता येत नाही. मेट्रो स्टेशनचा पूल गाठायचा म्हणजे भर उन्हात वळसा. वहिनीने कडेवर चिकू आणि खांद्यावर बॅग घेऊन असा एक वळसा घातला. स्टेशनात पोचली तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते आणि तो रडायचाही थांबला होता. रडणाऱ्या मुलापेक्षा गप्प झालेल्या मुलाची मला जास्त भीती वाटते.

दुबई मॉलच्या स्टेशनापासून मॉलपर्यंतचा बंदिस्त पूल एसीचा आहे, सरकते पट्टेही आहेत, पण तो पाऊण किलोमीटरहून लांब आहे. तीन-चार वर्षांचं मूल निम्म्यात 'उचल' म्हणतं. 'आता मोठा झालाय' म्हणून स्ट्रोलर घरी ठेवू नका.

स्ट्रोलरची मोठी चूक म्हणजे ऊन लागू नये म्हणून वरून ओढणी पूर्ण टाकणं. आत हवा खेळत नाही आणि बाळ बसतं भट्टीत. स्ट्रोलरचं छत पुढे ओढा, बाजू मोकळ्या ठेवा, सावलीतून जा. उन्हात उभ्या गाडीच्या सीटबेल्टचं धातूचं बक्कल आणि बागेतली घसरगुंडी आधी तळहाताने चाचपून बघा. आणि 'दोन मिनिटांत येते' म्हणून मुलाला गाडीत ठेवून उतरू नका, एसी चालू असला तरीही.

टॅक्सीचंही तसंच. चार वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट हवी हा इथला कायदा आहे, नाहीतर ४०० दिरहम दंड. दहा वर्षांखालच्या मुलाला पुढे बसवता येत नाही. हात करून थांबवलेल्या टॅक्सीत अशी सीट मिळेल या भरवशावर राहू नका. बुक करतानाच मागा, किंवा घरची घेऊन या.

पाणी, ओआरएस आणि पावडर

सहा महिन्यांखालच्या बाळाला 'घसा सुकला असेल' म्हणून वरचं पाणी पाजू नका. अंगावरचं दूध जास्त वेळा द्या, त्यातच पाणी असतं. मोठ्या मॉलमध्ये त्यासाठी वेगळी खोली असते, लाजायचं कारण नाही. मेट्रोत मात्र खाणं-पिणं मना आहे, १०० दिरहम दंड. बिस्किटाचा पुडा आत शिरण्याआधीच संपवा.

ओआरएसमध्ये सगळ्यात जास्त घोटाळा होतो. पाकीट लिटरचं आहे की २०० मिलीचं हे न वाचता अर्धं-अर्धं ओतलं जातं. दाट झालं तर मुलाला अपाय होतो. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट टाका.

लंगोट नेहमीपेक्षा बराच वेळ कोरडा, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, मूल मलूल: यातलं काही दिसलं तर थेट डॉक्टर. उन्हाने अंग तव्यासारखं तापलंय आणि मूल गुंगीत आहे, तर तापाचं औषध पाजत बसू नका, तिथे त्याचा उपयोग होत नाही. कपडे काढा, अंग ओलं करा, वारा घाला आणि ९९८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा.

घामोळ्यांवर पावडर थापायची सवयही इथे नको. घामात तिचा लगदा होतो. सैल सुती झबलं पुरतं. पिशवीत पातळ स्वेटर असू द्या, कारण घामाने भिजलेलं मूल मॉलमध्ये शिरलं की पाच मिनिटांत कुडकुडतं.

आजीचा डबा

दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांनो, हे नीट वाचा. अनारशांवर खसखस असते, आणि खसखशीला इथे बंदी आहे. विमानतळावर सापडली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. नातवाच्या डब्यात आजीने काय काय भरलंय ते निघण्याआधी उघडून बघा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही परवानगीशिवाय आणता येत नाही.

पहाटे उठणारं मूल

'इथे आल्यापासून हा साडेपाचलाच उठतो' अशी तक्रार सगळे करतात. दुबईचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे, म्हणजे तुमचं सातला उठणारं मूल साडेपाचला उठणारच. त्याला परत झोपवायला झगडू नका. चिकूला आम्ही शेवटचे चार दिवस सहाच्या आत समुद्रावर न्यायचो. वाळू तापलेली नसायची, गर्दी नसायची, आणि तो ओल्या वाळूत कपाने खड्डे करत बसायचा. साडेसातला गाडीत आणि आठला घरी. मग नाश्ता, गरम नळाच्या गार पाण्याने अंघोळ, पडदे ओढून झोप. बाहेर पडायचो ते पुन्हा सूर्य बुडाल्यावरच.