गिझर पेटेना, दोष सेलचा नव्हता

आमचा गॅस गिझर ऐन थंडीत रुसला. नळ सोडला तरी टक-टक आवाज नाही, ठिणगी नाही. दीड व्होल्टचे दोन्ही मोठे सेल बदलले, तरी ढिम्म.

मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, पाण्याचा कॉक बंद केला. पाणी आत येतं तिथली बारीक जाळी काढली, तर क्षाराने गच्च! (बोअरचं पाणी, दुसरं काय.) ती व्हिनेगरमध्ये भिजवून घासली. तरीही काही नाही.

शेवटी पाण्याच्या व्हॉल्व्हचे स्क्रू खोलले. आतला रबरी डायफ्रॅम मधोमध चिरला होता. पाण्याच्या दाबाने हाच पडदा फुगून पिन ढकलतो, पिनेमुळे मायक्रोस्विच (आतलं छोटंसं बटण) चालू होतो आणि मगच ठिणगी पडते. पडदा फाटला की सगळं ठप्प.

दुकानात नुसतं ‘गिझरचं रबर द्या’ म्हणून भागत नाही. व्यास आणि भोकं वेगवेगळी असतात, जुना तुकडाच न्यावा. मी आधी रिकाम्या हाताने गेलो आणि हेलपाटा पडला.

नवा पडदा बसवून सगळं जोडल्यावर गॅसच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडे नाहीत. खिडकी उघडून नळ सोडला आणि टक-टक, भक्क! निळी ज्योत.