फरशी बसवताना या चुका टाळा: लक्षण वर दिसतं, दोष खाली असतो

टाइल ठोकली की पोकळ वाजते, लॅमिनेटच्या फळ्या सांध्यावर उचलल्या जातात, पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर पिवळट छटा उमटते. असं काही झालं की पहिला आळ मालावर येतो आणि दुसरा मिस्त्रीच्या हातावर. पण उखडून बघितलं, तर दोष बहुतेक वेळा दोनच जागी सापडतो: फरशीच्या पोटात आणि भिंतीच्या कडेला. या दोन्ही जागा काम संपलं की झाकल्या जातात, म्हणून लक्ष ठेवायचं ते काम चालू असताना. रंग आणि डिझाइन निवडण्यात आठवडे जातात, आणि खालचा कोबा वाळलाय का हे बघायला कुणी वाकतही नाही.

कोबा पांढरा पडला म्हणजे वाळला असं नाही

सिमेंटच्या कामाला २८ दिवस हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. तो ताकदीचा आकडा आहे, वाळण्याचा नाही. वाळण्याचा ढोबळ हिशोब इंचाला एक महिना असा धरतात, आणि हवा दमट असेल तर त्याहून जास्त. वरचा थर दोन दिवसांत पांढरा पडतो, आतलं पाणी मात्र हळूहळू वर येत राहतं. त्यावर टाइल लावली तर फारसं बिघडत नाही. व्हिनाइल, लॅमिनेट किंवा लाकूड टाकलं तर ते पाणी त्यांच्याखाली अडकतं. मग चिकट सुटतो, वास येतो, बुरशी धरते.

तपासायची सोपी रीत आहे. साधारण दीड फूट चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने कोब्यावर घट्ट बंद करा आणि निदान १६ तास तसंच ठेवा. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा कोबा आजूबाजूपेक्षा गडद दिसला, तर थांबा. काही दिसलं नाही तरी खोलवरची ओल या चाचणीत कळतेच असं नाही. म्हणून महागाचं लाकूड टाकायचं असेल, तर कोब्याला भोक पाडून आतली आर्द्रता मोजणारं मीटर वापरणारा माणूस बोलवावा.

दुसरी तपासणी सपाटीची. इथे एक गल्लत हमखास होते. पातळी वेगळी आणि सपाटी वेगळी. खोलीला किंचित उतार असला तर क्लिकच्या, म्हणजे एकमेकींत अडकवायच्या, फळ्या तक्रार करत नाहीत. खड्डे आणि उंचवटे मात्र त्यांना चालत नाहीत. १० फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कोब्यावर आडवी, उभी, तिरकी फिरवा. फळ्यांसाठी पट्टीखाली ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, मोठ्या टाइल्ससाठी ३ मिलिमीटरपेक्षा. उंचवटा घासायचा, खड्डा सेल्फ लेव्हलिंग कंपाउंडने, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणाऱ्या मालाने, भरायचा. "माल जरा जाड लावून घेतो, होऊन जाईल," असं कुणी म्हणालं तर तिथेच हात धरा. जिथे चिकट जाड तिथे तो जास्त आकसतो आणि टाइलची कडा खाली ओढली जाते.

पोकळ वाजणारी टाइल

विट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. तिची ताकद यातच आहे आणि चिकटण्यातली अडचणही यातच. नुसत्या सिमेंटच्या स्लरीला पकडायला तिच्या पाठीत छिद्रंच नसतात. तिला पॉलिमर असलेलाच टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागतो. लावण्याआधी तिला टबात भिजवत ठेवणं तर निव्वळ वेळ घालवणं आहे. ती रीत सिमेंटच्या मालात बसवायच्या सच्छिद्र सिरॅमिक टाइलसाठी होती. अ‍ॅडहेसिव्ह वापरत असाल तर पाठ कोरडी आणि धूळमुक्त हवी, टाइल कुठलीही असो.

त्यापुढची चूक म्हणजे चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक गोळा ठेवून टाइल दाबणं. काम झपाझप होतं, पातळी पटकन जुळते, आणि टाइलचा बराचसा भाग हवेवर राहतो. त्या पोकळीवर पलंगाचा पाय आला किंवा जड भांडं पडलं की तडा. खाचांच्या थापीने एकाच दिशेने सरळ रेघा ओढायच्या, गोल गोल नाही. गोल फिरवलं की हवा मध्ये कोंडते. टाइल ठेवल्यावर ती रेघांच्या आडव्या दिशेने थोडी पुढेमागे सरकवून दाबायची, म्हणजे उंचवटे मोडून दऱ्या भरतात. दोन फुटी किंवा त्याहून मोठी टाइल असेल तर तिच्या पाठीलाही पातळ हात फिरवावा. कोरड्या खोलीत पाठीचा किमान ८० टक्के भाग भरलेला हवा, बाथरूममध्ये आणि उघड्यावर ९५ टक्के.

हे कळायचं कसं? काम चालू असताना अधूनमधून एखादी ताजी बसवलेली टाइल उचलायला सांगा. मिस्त्री कुरकुरेल, पण पाठ सगळं सांगते. रेघा तशाच उभ्या दिसल्या तर टाइल दाबलीच नाही. पाठ जवळजवळ कोरी निघाली तर चिकट पसरून बराच वेळ गेला होता आणि त्यावर साय धरली होती; साध्या अ‍ॅडहेसिव्हला पसरल्यापासून साधारण २० मिनिटं मिळतात, पंख्याखाली किंवा उन्हात त्याहून कमी. अर्धी खोली एकदम माखून ठेवणाऱ्यांच्या टाइल्स इथेच सुटतात. बसून काही दिवस झालेली टाइल उखडताना सगळा चिकट पाठीलाच लागून आला आणि त्याखाली कोब्याची पावडर दिसली, तर टाइल निर्दोष आहे. खालची धूळ झाडली नव्हती किंवा प्राइमर मारला नव्हता. तीन कारणं, तिन्हींचा वरून येणारा आवाज मात्र एकच.

कडेला जागा ठेवली नाही की फरशी स्वतः जागा करून घेते

शांत खोलीत अचानक मोठा आवाज होतो आणि दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहतात. घरातले घाबरतात, भूकंपाची शंका घेतात. कारण साधं आहे. ६ मीटर लांब खोलीत तापमान २० अंशांनी वाढलं तर टाइल्सची रांग पाऊण ते एक मिलिमीटर वाढते. एवढंसं काय, असं वाटेल. पण वाढायला जागा नसेल, तर हा पाऊण मिलिमीटर दोन फुटी दोन टाइल्सना मध्ये सुमारे २ सेंटीमीटर वर उचलू शकतो. शिवाय नवा कोबा महिनोन्‌महिने आकसत असतो, तो दाब वेगळाच.

म्हणून टाइल भिंतीला भिडवायची नाही. सगळ्या कडेने ६ ते १० मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची आणि ती सिमेंटने भरायची नाही; वरून स्कर्टिंग येतंच. मोठ्या हॉलमध्ये दर ६ ते ७ मीटरवर, आणि जिथे थेट ऊन येतं तिथे त्याहून बऱ्याच जवळ, सिलिकॉनचा किंवा तसाच लवचिक सांधा द्यायचा. कोब्याला मुळात जो सांधा आहे तो टाइलमध्येही त्याच रेषेत वर आणायचा, त्यावर टाइल आडवी टाकली तर तडा त्याच रेषेत जातो.

आणि "सांधे दिसायलाच नकोत" हा हट्ट सोडा. स्पेसर न घालता टाइल टाइलला चिकटवून बसवली की सगळा ताण कडांवर येतो आणि कडांचे टवके उडतात. किमान २ मिलिमीटरचा सांधा हवाच. रंग जुळवून भरलेला असा सांधा चार हातांवरून दिसतही नाही.

लाकडी फळीसारख्या दिसणाऱ्या लांब टाइल्सची आणखी एक खोड असते. भट्टीतून येतानाच त्या मध्ये किंचित फुगीर असतात. विटांच्या बांधकामासारख्या अर्ध्यावर अर्ध्या बसवल्या तर एकीचा सर्वांत उंच भाग शेजारणीच्या सर्वांत सखल टोकाजवळ येतो आणि पायाला कड लागते. सरकवणं एक तृतीयांशावर ठेवलं की बराचसा फरक निघून जातो. शेजारशेजारच्या कडा एका पातळीत धरणाऱ्या लेव्हलिंग क्लिपांनी वाकडी टाइल सरळ होत नाही, एवढं लक्षात असू द्या.

ग्राउट, म्हणजे सांध्यात भरलेला माल, पावडरसारखं झडतंय किंवा ठिकठिकाणी रंग वेगळा दिसतोय, तर कालवताना पाणी जास्त झालं किंवा पुसताना स्पंज फार ओला होता. सांधा निदान अर्ध्या खोलवर खरवडून पुन्हा भरण्यापलीकडे त्याला उपाय नाही.

लॅमिनेट आणि एसपीसी: तरंगती फरशी तरंगू द्या

एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी मिसळलेलं कडक व्हिनाइल. या दोन्ही फळ्या खाली कशालाही चिकटलेल्या नसतात. सगळा पत्रा एकसंध हलतो, आणि त्याला कुठेही खिळा बसला की तो फुगतो किंवा सांधे उघडतात. भिंतीकडे ८ ते १० मिलिमीटर सोडलेली असूनही फरशी उचलली गेली, तर बाकीच्या जागा बघा: दाराच्या चौकटीला घट्ट कापलेली फळी, पाइपाभोवती नेमकं भोक, स्कर्टिंग चिकटवताना फरशीवर सांडलेला गोंद, किंवा सगळ्यात मोठा अपराधी, फरशीच्या डोक्यावर ठेवून पक्कं केलेलं स्वयंपाकघराचं कपाट. कपाटं आधी, फरशी नंतर, हाच क्रम बरोबर.

लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. खोके खोलीत आडवे ठेवून दोन दिवस थांबल्याशिवाय ते फोडू नका. सिमेंटच्या कोब्यावर आधी ओल अडवणारं पॉलिथीन, त्यावर अंडरले, म्हणजे फळ्यांखालचा पातळ थर. अंडरले जितका जाड तितका मऊ आणि म्हणून चांगला, हा समज उलटा आहे. जाड अंडरलेवर प्रत्येक पावलाला फळी खाली जाते आणि शेवटी सांध्यातल्या कुलपाची जीभ मोडते. पाऊल टाकलं की 'कट्' असा आवाज येतो, तो तिचाच. एकदा फुगलेली लॅमिनेटची कडा परत बसत नाही. ती फळी बदलावीच लागते.

एसपीसीला पाणी लागत नाही, हे खरं. पण पाणी सांध्यातून खाली जातं आणि तिथेच बसतं, हेही खरं. वॉटरप्रूफ फळी म्हणजे वॉटरप्रूफ खोली नव्हे. शिवाय व्हिनाइलवर रबराच्या पाठीचं पायपुसणं महिनोन्‌महिने ठेवलं तर खाली पिवळा डाग पडतो आणि तो घासून जात नाही, कारण ती रासायनिक क्रिया असते.

खरं लाकूड

इथे एकच गोष्ट नीट सांगतो. फळ्यांच्या कडा वर येऊन मध्ये खोलगट झालं, तर खालून ओल येते आहे. लगेच पॉलिशवाल्याला बोलावून घासून सपाट करू नका. ओलीचं कारण शोधून बंद करा आणि लाकूड वाळू द्या. बऱ्याचदा फळ्या आपोआप पुष्कळशा सरळ होतात. घाईने घासलंत, तर वाळल्यावर त्याच फळ्या मध्ये फुगीर होतील, कारण कडांचं लाकूड तुम्ही आधीच काढून टाकलेलं असेल.

दगड आणि बाथरूम

पांढऱ्या संगमरवराखाली करडं सिमेंट वापरलं की खालची छटा वर डोकावते, म्हणून पांढरा अ‍ॅडहेसिव्ह किंवा पांढरं सिमेंटच हवं. काही हिरवे, सर्पेंटाइन जातीचे दगड पाण्याच्या संपर्काने चक्क वाकतात. ते पाणी नसलेल्या इपॉक्सी चिकटाने बसवतात. संगमरवर स्वच्छ करायला व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेटचं अ‍ॅसिड वापरलं की चकाकी जाते. तो डाग नसतो, दगड खाल्ला गेलेला असतो, आणि पॉलिशशिवाय जात नाही. सांध्यांतून पांढरी पावडर वर येत असेल तर ते खालचे क्षार आहेत. ओल्या फडक्याने पुसल्यास ते विरघळून पुन्हा आत जातात. आधी कोरड्या ब्रशने झाडा आणि ओल कुठून येते ते शोधा.

बाथरूममध्ये टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. ते टाइलखालच्या थराचं काम. तो थर झाल्यावर जाळीचं तोंड बंद करून २४ ते ४८ तास पाणी साठवून बघा, मगच टाइल लावू द्या. उतार कोब्यातच द्यायचा, दर मीटरला १ ते २ सेंटीमीटर. टाइल बसवल्यावर जाळीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता आणि मिस्त्री घरी जायच्या आत ते कुठे थबकतं ते बघून घ्या.

एखादीच टाइल बदलायची असेल तर

आधी तिच्या चारही बाजूंचं ग्राउट पूर्ण कापून काढा, नाहीतर हातोड्याचा धक्का शेजारणीला जातो. मग मधून फोडत कडेकडे या, जुना चिकट खरवडून कोब्यापर्यंत जा. जुन्या चिकटावरच नवा थर दिलात तर टाइल दोन मिलिमीटर वर राहील. यासाठी सुरुवातीलाच १० टक्के माल जास्त घ्यावा, तिरकी मांडणी असेल तर १५ टक्के, आणि खोक्यावरचा बॅच नंबर आणि शेड नंबर फोटो काढून ठेवावा. त्याच नावाची टाइल दोन वर्षांनी मिळाली तरी छटा तीच असेल असं नाही.