प्राणिसंग्रहालयाचा कठडा ओलांडणे आणि कायदा : सहल नेणाऱ्यांसाठी माहिती

नागपूरच्या महाराजबागेत किंवा गोरेवाड्याला मुलांची अथवा ज्येष्ठांची सहल नेणाऱ्याने तिकिटे काढण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, ती म्हणजे कायद्याची मनाई पिंजऱ्याच्या जाळीच्या बरीच अलीकडे सुरू होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्याची छेड काढणे, त्याला त्रास देणे, इजा करणे, खाऊ घालणे, आवाज करून किंवा अन्य कोणत्याही प्रकारे त्याची शांतता भंग करणे आणि आवारात कचरा टाकणे या सर्व गोष्टींना बंदी आहे. ‘पिंजऱ्यात शिरणे’ असे शब्द या कलमात नाहीत; तथापि परका माणूस आपल्या हद्दीत उतरल्याने बिबट किंवा अस्वल बिथरत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही, त्यामुळे ‘अन्य कोणत्याही प्रकारे’ या शब्दांत ते कृत्य सहज बसते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, अशी कलम ५१ मध्ये तरतूद आहे. माकडाला शेंगदाणे टाकणाऱ्या हौशी काकांनाही हेच कलम लागू होते, हे सहलीच्या बसमध्येच सांगून टाकलेले बरे.

हा कायदा कोठे लागू होतो, याविषयी संभ्रम नसावा. लोकांना पाहण्यासाठी बंदिस्त प्राणी जेथे ठेवले जातात, ते ठिकाण स्थिर असो वा फिरते, कायद्याच्या व्याख्येत प्राणिसंग्रहालय ठरते. बचाव केंद्रेही त्याच व्याख्येत येतात. म्हणजे १८९४ पासूनचे आणि आज डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ताब्यात असलेले महाराजबाग, २६ जानेवारी २०२१ रोजी उद्घाटन झालेले आणि वनविकास महामंडळाशी जोडलेले गोरेवाड्याचे बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यान, तसेच तेथीलच वन्यप्राणी बचाव केंद्र, या तिन्ही ठिकाणी एकच नियम आहे.

याशिवाय भारतीय न्याय संहितेचे कलम ३२९ फौजदारीपात्र अतिक्रमणाविषयी आहे. त्याखाली तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते; जुन्या दंड संहितेत हा दंड केवळ पाचशे रुपये होता. येथे वकील हमखास हेतूचा मुद्दा काढतात, कारण नुसते आत जाणे पुरेसे नसून गुन्हा करण्याचा किंवा जागेचा ताबा असणाऱ्याला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा अथवा त्रास देण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. मात्र प्राण्याची छेड काढणे हाच मुळात गुन्हा असल्याने त्यासाठी कठड्यावरून उतरणाऱ्याला हा बचाव फारसा उपयोगी पडणार नाही. ‘आम्ही तिकीट काढून आत आलो होतो’ हे उत्तरही टिकणारे नाही. कायदेशीर प्रवेश केल्यानंतर त्याच हेतूने बेकायदेशीरपणे तेथे थांबणे हेदेखील अतिक्रमणच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही आहे, परंतु त्यातील पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही दहा ते पन्नास रुपयेच असल्यामुळे त्याचा धाक वाटावा अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

सर्वांत कमी माहीत असलेली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तरतूद वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने वन्यप्राण्याला मारले किंवा जखमी केले तर तो गुन्हा होत नाही, असे हे कलम म्हणते. परंतु त्याला जोडूनच अशी अट आहे की, बचावाची वेळ आली तेव्हा ती व्यक्ती याच कायद्याचे उल्लंघन करीत असेल, तर तिला या सवलतीचा आधार मिळणार नाही. याचा अर्थ नीट पाहावा. एखादा तरुण छायाचित्र काढण्यासाठी वाघाच्या हद्दीत उतरला, वाघ चालून आला आणि त्याने हातातील काठीने वा दगडाने वाघाला जखमी केले, तर ‘मी जीव वाचवत होतो’ असे त्याला या कलमाच्या आधारे म्हणता येणार नाही, कारण कलम ३८-जे त्याने आधीच मोडलेले असते. बंदिस्त प्राण्याला इजा करणेदेखील कायद्याच्या व्याख्येत शिकारच असल्याने, वाघ, सिंह, बिबट यांसारख्या पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीतील, प्राण्याच्या बाबतीत प्रकरण तीन ते सात वर्षांच्या कैदेपर्यंत जाऊ शकते.

आता प्रत्यक्ष भेटीकडे वळू. दहा-बारा मुलांमागे एक मोठा माणूस ठेवावा आणि त्याच्याकडे मोबाइलवर चित्रीकरण करण्याचे काम देऊ नये. मी एका प्राणिसंग्रहालयात एका वडिलांना आपल्या तीन-चार वर्षांच्या मुलीला कठड्यावर बसवून, तिचा एक हात सोडून छायाचित्र काढताना पाहिले आहे. रक्षकाने हटकल्यावर ते त्याच्यावरच चिडले. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही, हे न्याय संहितेच्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे, मात्र ते संरक्षण मुलाला आहे, सोबतच्या मोठ्यांना नाही. मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्याला अनावश्यक त्रास होईल अशी परिस्थिती निर्माण करणाऱ्या पालकाविरुद्ध बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ चा वापर होऊ शकतो. क्षणभर नजर चुकणे आणि जाणूनबुजून दुर्लक्ष करणे यांत मात्र फरक आहे. मे २०१६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे तीन वर्षांचा मुलगा गोरिलाच्या हद्दीत पडला, त्याला वाचविण्यासाठी हराम्बे नावाच्या गोरिलाला गोळी घालावी लागली, तरीही तेथील सरकारी वकिलांनी मुलाच्या आईवर खटला भरला नाही.

गोरेवाड्याच्या सफारीत कठड्याची जागा बसचा दरवाजा घेतो. बस थांबली तरी उतरू नये, खिडकीतून हात बाहेर काढू नये आणि पडलेली टोपी किंवा मोबाइल उचलण्यासाठी चालकाला गळ घालू नये. जंगलातील सफारीचे नियम वेगळे आहेत, तरी वृत्ती तीच दिसते. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी पर्यटकांच्या जिप्सी गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडविली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती.

सर्व काळजी घेऊनही कोणी आत पडले किंवा उतरलेच, तर पहिले काम गर्दीला गप्प करण्याचे. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात २३ सप्टेंबर २०१४ रोजी विजय या पांढऱ्या वाघाच्या हद्दीत एक तरुण पडला. वरून आरडाओरडा झाला, दगडही फेकले गेले, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते, आणि तो तरुण वाचला नाही. म्हणून काहीही फेकू नये, एकाने धावत जाऊन जवळच्या रक्षकाला गाठावे, दुसऱ्याने ११२ वर फोन करून प्राणिसंग्रहालयाचे नाव व पिंजऱ्याची जागा सांगावी आणि उरलेल्यांनी मुलांना मागे न्यावे. आतल्या माणसाने पाठ फिरवून पळू नये, एवढेच त्याला शांत आवाजात एकाने सांगावे. मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू न ठेवता केलेल्या कृत्याला न्याय संहितेच्या कलम १९ चे संरक्षण मिळू शकते, तरीही कोणी मागोमाग उडी घेऊ नये. भुलीची बंदूक चालविणाऱ्यापुढे मग एकाऐवजी दोन माणसे उभी राहतात आणि भूल चढायला तशीही काही मिनिटे लागतात.

तक्रार कोणाकडे करावी, हा शेवटचा व्यावहारिक मुद्दा. अतिक्रमणाची तक्रार पोलीस ठाण्यात देता येते. कलम ३८-जे च्या भंगासाठी मात्र न्यायालयाला पोलिसांच्या दोषारोपपत्रावरून दखल घेता येत नाही. कलम ५५ प्रमाणे प्राणिसंग्रहालयाच्या प्रभारी अधिकाऱ्यासारख्या ठराविक अधिकाऱ्यांनी तक्रार करावी लागते. म्हणून आधी त्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, त्यात दिनांक, वेळ, पिंजऱ्याचे नाव आणि घडलेली कृती नेमक्या शब्दांत लिहावी, तिकिटाची प्रत जोडावी आणि अर्जाची पोच घ्यावी. चित्रीकरण असेल तर ते समूहावर फिरविण्याऐवजी मूळ स्वरूपात जपून ठेवावे. अधिकाऱ्याने काहीच केले नाही, तर सामान्य नागरिकालाही न्यायालयात जाता येते. त्यासाठी गुन्ह्याची माहिती आणि तक्रार करण्याचा आपला इरादा कळविणारी किमान ६० दिवसांची नोटीस केंद्र सरकारला, राज्य सरकारला किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला विहित पद्धतीने द्यावी लागते.